आठ दिवसांचा चुना

दिवाणखान्यातल्या तीन कपाटांत मिळून एकशे एक्केचाळीस डब्या होत्या. बिदरीच्या एक्केचाळीस, चांदीच्या तेहतीस, पितळेच्या आणि काशाच्या चोवीस, काश्मिरी कागदी लगद्याच्या पंधरा, हस्तिदंती अकरा, ब्रह्मदेशी लाखेच्या नऊ, चिनी मातीच्या सहा आणि जपानी दोन. झाकण हरवलेल्या चार. बिजागरी मोडलेल्या सात. आत काही असलेली एकही नाही.

मनकर्णेनं बेरीज दोनदा करून पाहिली आणि आकड्याखाली रेघ ओढली. शेहेचाळीसचा वैशाख होता. हैदराबादेत बी.एस्सी.ची परीक्षा देऊन ती महिन्याभरापूर्वी हिंगोलीला घरी आली होती आणि आल्या आल्या वडिलांनी, तातेरावांनी, तिच्या हाती कोरी वही दिली होती. पावसाळ्याआधी हैदराबादहून कुणी मोठे कदरदान त्यांच्या डब्या पाहायला येणार होते. त्यांच्यापुढं ठेवायला यादी हवी होती, आणि तीही शास्त्रशुद्ध. तातेरावांचा धंदा कापूस खरेदीचा. डब्या हे त्यांचं वेड. पानदान, अत्तराची डबी, सुरम्याची डबी, करंडा, तपकिरीची डबी, जे दिसेल ते. नक्षीवरून गाव सांगायचे, कडेवरून काळ सांगायचे. स्वतः मात्र पान खात नसत, तपकीर ओढत नसत, अत्तर लावत नसत.

मनकर्णेनं वहीत रकाने आखले होते. क्रमांक, धातू, माप, वजन, नक्षी, कोठून मिळाली. वजनासाठी संतराम सोनाराचा काटा मागवून घेतला होता. शेवटच्या रकान्याबद्दल तिनं वडिलांना विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, "सगळीकडं 'खरेदी' लिही."

सत्त्याऐंशी क्रमांकाची डबी ती काट्यात ठेवत होती तेव्हा फाटकाशी आवाज चढला. चांदीची, लांबट, तळहातात मावणारी चुन्याची डबी होती ती. झाकणावर वेल आणि कडेनं बारीक दाण्यांची ओळ. घरातला जुना गडी ग्यानबा दारात येऊन उभा राहिला.

"ताई, तांड्यावरची नीलाबाई आली पुन्हा. हुसकून देऊ का?"

"पुन्हा म्हणजे?"

"चवथ्यांदा. मालक म्हणतात, फाटकातूनच वाटेला लावायची."

"आत येऊ दे."

ग्यानबानं मान खाजवली, पण गेला. नीलाबाई आली ती ओसरीच्या पायरीवर थांबलीच नाही. पंचेचाळिशीची, उंच, कळमनुरीच्या रस्त्यानं पाच कोस चालून आलेली. पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं पांढरे. कमरेच्या पिशवीतून तिनं एक डबी काढली आणि फरशीवर ठेवली.

"हे घ्या तुमचं. माझं द्या."

मनकर्णेनं खाली पाहिलं. लांबट, चांदीची. झाकणावर वेल, कडेनं दाण्यांची ओळ. तिनं मागं वळून काट्यातल्या डबीकडं पाहिलं, मग पुन्हा खाली. काट्यातली लखलखत होती, ही काळवंडलेली. बाकी वेलीचं पान न् पान तेच. झाकणाच्या डाव्या अंगाला चेंबलेला खड्डासुद्धा दोन्हींना.

"बसा," ती म्हणाली. "काय झालं ते पहिल्यापासून सांगा."

"बसायला न्हाई आले मी. कार्तिकात कापूस घेऊन आलो आमी. गाडी तुमच्या काट्यापाशी उभी. मी पान लावून राहिले, तर मालकाची नजर पडली डबीवर. म्हणे, इकते का? म्हटलं, न्हाई. ही माझ्या आज्जीची, नानीबाईची. म्हणे, मग आठ दिवस दे, नक्षी उतरून घेतो कागदावर. आता कापूस तुमच्या काट्यावर, बैल तुमच्या दारात. न्हाई कसं म्हणावं? दिली. आठ दिवसांचा दीड महिना झाला अन् हे आलं माझ्या हाती."

"ही तुमची नाही कशावरून?"

"ह्यात चुना सुकतो," नीलाबाई म्हणाली. "तिसऱ्या दिवशी कवड्या होतात त्याच्या. माझ्या डबीत चुना बाजार ते बाजार ओला राह्यचा. आठ दिवस. आमचे म्हातारे बैलांवर मीठ घालून फिरायचे तवा रानात कुठं चुना मिळून राह्यला? एका बाजारात भरायचा, दुसऱ्या बाजारापत्तुर पुरवायचा. त्याच्यासाठीच केली ती डबी. शोभेसाठी न्हाई."

मनकर्णेनं फरशीवरची डबी उचलली आणि काट्याच्या दुसऱ्या पारड्यात ठेवली. काटा थरथरला आणि मधोमध येऊन थांबला. मग तिनं वेगवेगळं वजन केलं. एक नऊ तोळे चार मासे. दुसरी नऊ तोळे चार मासे. बारा माशांचा तोळा, आठ गुंजांचा मासा, आणि इथं गुंजेचाही फरक नाही.

"बघितलं?" दारातून तातेरावांचा आवाज आला. ते कधी येऊन उभे राहिले होते कळलं नव्हतं. "चांदी बराबर आहे. मग काय गेलं हिचं?"

"आबा, ही सत्त्याऐंशी कुठून आणली?"

"जोडीतली आहे. हिची बघितल्यावर मला आठवलं, अशी हैदराबादेत एकाकडं पाहिली होती. ती घेतली. हिची हिला परत दिली. अशा डब्या जोडीनं घडवत."

"हातानं घडवलेली जोडी गुंजेला गुंज जुळत नाही. एक समोर ठेवून दुसरी तोलून केली तरच जुळते. संतराम काकांना विचारा."

"संतरामाला काय विचारायचं! कारागीर चांगला असला म्हणजे जुळतं."

"माझी डबी द्या, मालक," नीलाबाई म्हणाली.

तातेराव चिडले नाहीत. ते हसले, आणि त्या हसण्यानंच मनकर्णेचा जीव अधिक जळाला. "तुझी तू ओळखतेस ना? चल मग. चार माणसांसमोर ओळखून दाखव. नंतर पुन्हा फाटकाशी यायचं न्हाई."

बाहेर अंगणात सरकीचं बियाणं न्यायला आलेले सहा-सात शेतकरी बसले होते. संतराम सोनारही आपला काटा परत न्यायला आला होता. तातेरावांनी तिवई बाहेर आणवली आणि त्यावर दोन्ही डब्या शेजारी शेजारी ठेवल्या.

"हात लावायचा न्हाई. हात लावल्यावर कुणीबी सांगल. डोळ्यानं ओळख."

नीलाबाई तिवईपुढं उभी राहिली. एक डबी चकचकीत, एक काळसर. ती वाकली, डोकं इकडं केलं, तिकडं केलं. घाम पुसला. मग काळसर डबीकडं बोट केलं. "ही. माझी जुनी दिसायची."

तातेरावांनी टाळी वाजवली. "ऐका! जी परत दिली तीच हिनं 'माझी' म्हणून दाखवली. आता काहून ओरडून राहिलीस, बाई?"

माणसं खो खो हसली. एकजण म्हणाला, "नीलाबाई, घरी गेल्यावर नवऱ्याला तरी नीट ओळख बरं! न्हाईतर दुसऱ्याच्याच झोपडीत शिरशील."

"नवऱ्याला मी अंधारात ओळखते," नीलाबाई फाडकन म्हणाली. "उजेडात कशाला बघू त्याचं तोंड?"

हसू आणखी मोठं झालं, पण आता ते तिच्या बाजूनं होतं. ती मात्र हसत नव्हती. "डबीबी तशीच हाय. चालता चालता अंगठ्यानं उघडायची, बोटानं चुना घ्यायचा, अंगठ्यानं मिटायची. तीस वर्सं मी तिच्याकडं बघितलं न्हाई कधी! बघायचं काय तिच्यात? मालकानं माझी घासून पांढरी केली असल अन् आपली काळी केली असल. डोळ्यानं फसले, व्हय, फसले मी. आता चुना भरा दोन्हीत. आठ दिवस ठेवा. जिच्यात ओला राहील ती माझी."

"चुना तो चुना," तातेराव म्हणाले. "चांदीत ठेव न्हाईतर सोन्यात, वैशाखात सुकणारच. दोन्ही डब्या एकसारख्या, दोन्हीत सारखाच सुकणार."

मनकर्णा पुढं आली. "मग ठेवून बघू या, आबा. सारखाच सुकला तर नीलाबाई पुन्हा येणार नाही."

"अन् न्हाई सुकला तर?" संतराम हळूच म्हणाला आणि आपण का बोललो असं त्याला लगेच वाटलं असावं, कारण तो पारड्याच्या दोऱ्या सारख्या करत बसला.

तातेरावांनी सगळ्यांकडं पाहिलं. त्यांच्या मनात किंतु नव्हता. वेल उतरवून घेतली होती, दाणे मोजून घेतले होते, खड्डा ठोकून घेतला होता. "फरक पडला तर सत्त्याऐंशीवी हिची. तुम्ही सगळे ऐका. तातेराव बोलला म्हणजे बोलला."

मनकर्णेनं त्याच तासाला सगळं मांडलं. चुना एकाच मडक्यातला, एकदा ढवळून घेतलेला. प्रत्येक डबीत दोन तोळे, संतरामानं स्वतः तोललेले. परत आलेल्या डबीच्या पोटाला तिनं पांढरा दोरा बांधला, म्हणजे पुढं कुणी गोंधळ घालू नये, आणि चांदीबरोबर दोरा तोलला जाऊ नये म्हणून वजनाच्या वेळी तो सोडायचा असं वहीत लिहून ठेवलं. तिसरं एक उघडं भांडं, साधी वाटी, तीतही दोन तोळे चुना.

"वाटी कशाला?" तातेरावांनी विचारलं.

"उघड्यावर किती सुकतो ते कळायला. नाहीतर आठ दिवसांनी तुम्ही म्हणाल, हवा दमट होती."

माणसं पुन्हा हसली. ह्यावेळी तातेराव हसले नाहीत.

तिन्ही भांडी दुधाच्या जाळीच्या कपाटात गेली. कपाट ओसरीच्या सावलीत. कुलपाची किल्ली संतरामाकडं, कुलपावर लाखेची मोहर. नीलाबाईनं सगळं बघून घेतलं, कपाटाची जाळी बोटानं दाबून पाहिली आणि आली तशी पाच कोस चालत गेली. पाणी दे म्हटलं तर प्यायली नाही.

पुढचे दिवस मनकर्णेनं यादीला हात लावला नाही असं नाही. तिनं हात लावला, आणि तेच वाईट झालं. आता प्रत्येक डबी उचलताना तिला शेवटचाच रकाना दिसायचा. ती ग्यानबाला विचारी, ही कुणाची होती? ग्यानबा आधी उडवाउडवी करी, मग सांगे. ही त्या वाण्याची, त्याचा कापूस ओला म्हणून नाकारला होता त्या साली. ही त्या खाजगी मास्तराची. ही ब्रह्मदेशातून लढाईत पळून आलेल्या बाईची, जालन्याच्या टेसनावर घेतलेली. "इकत घेतल्या ना, ताई. चोरल्या न्हाईत," ग्यानबा म्हणायचा. "मालकानं किंमत केली की माणूस देतोच." मनकर्णा 'खरेदी' हा शब्द लिहायला घेई आणि दौतीत टाक परत ठेवी. तिसऱ्या दिवशी तिनं वही इतक्या जोरात मिटली की चिनी मातीची एक डबी खणखणली.

वाटीतला चुना दुसऱ्याच दिवशी भेगाळला होता. डब्या मात्र बंद होत्या, आणि बंद डबी बाहेरून काही सांगत नाही.

पाचव्या दिवशी दुपारी ती दिवाणखान्यात गेली तर तातेराव कपाटापाशी जमिनीवर बसले होते. भोवती चांदीच्या डब्या. एकेक उचलून ते अंगठ्यानं झाकण उघडत होते, मिटत होते, कानाशी धरत होते. काही झाकणं खुळखुळत होती. काही नुसती टेकलेली होती. तिला पाहून ते उठले.

"संतराम म्हणाला, जुने कारागीर झाकण अन् कड एकमेकांवर घासून बसवायचे. तेल अन् बारीक वाळू घालून. दोन-दोन दिवस." त्यांनी हातातली डबी मिटली. "मला कुणी सांगितलं न्हाई हे."

"तुम्ही कुणाला विचारलं नाही."

"ते कपाट उघडून टाक आजच. पोरखेळ झाला. नीलाबाईला मी दुसरी डबी देतो. ब्रह्मी दे, हस्तिदंती दे. हवी ती उचलू दे तिला."

"तिला तिची हवी आहे."

"अगं, पण ती ठेवून करणार काय? चुना भरणार! तीनशे वर्षांची डबी असेल ती. तांड्यावर कुडाच्या भिंतीत खुपसून ठेवणार. इथं काचेआड आहे, चार शहाणी माणसं बघतील. मी ती वाचवली, मना!"

"वाचवली असती तर सांगितलं असतं," मनकर्णा म्हणाली. आता तिचा आवाज चढला. "तिच्यासारखी दुसरी करून, खड्डा ठोकून, काळी करून तिच्या हातात नसती दिली. तिला चार माणसांत खोटं नसतं पाडलं. तुम्हाला माहीत होतं ती काळीवर बोट ठेवणार. तुम्ही तिवई आणवलीत तेव्हाच माहीत होतं!"

"तू माझी लेक आहेस का तांड्याची?"

"तीन दिवसांनी संतराम काका काटा धरतील. त्यांनाच विचारा कोण कुणाचं."

तातेरावांनी हातातली डबी कपाटात ठेवली, ती चुकीच्या खणात ठेवली, आणि बाहेर गेले. जाताना ओसरीवरच्या कपाटापाशी थांबले. लाखेवर बोट ठेवलं. मग पायऱ्या उतरले.

संध्याकाळी आई, सुमनबाई, तांदूळ निवडत होती. मनकर्णा जवळ बसली.

"बापाला गावात मान खाली घालायला लावशील," आई म्हणाली.

"नीलाबाईला घालायला लावली तेव्हा तू काही बोलली नाहीस."

सुमनबाईनं वेचलेला एक खडा अंगणात भिरकावला, गरजेपेक्षा लांब. "एकतीस लंबर काय लिहिलंस?"

"चांदीचा कुंकवाचा करंडा. वर मोर."

"कोठून म्हणून?"

"अजून लिहिलं नाही."

"माझ्या आईनं दिला मला. लग्नात. तुझा बाप म्हणाला, असली चीज रोज हाताळायची न्हाई, कपाटात राहू दे." सूप तिनं दणकन खाली ठेवलं. "बावीस वर्सं मी पितळेच्या डबीतलं कुंकू लावून राहिले. लिही. लिही तुझ्या वहीत."

मनकर्णेनं लगेच वही आणली आणि एकतीस क्रमांकापुढं लिहिलं, सुमनबाईंची. मग ग्यानबाला बोलावलं आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. 'खरेदी' हा शब्द तिनं कुठंच लिहिला नाही. नावं लिहिली.

आठव्या दिवशी नीलाबाई एकटी आली नाही. तांड्यावरची वीस-बावीस माणसं बरोबर होती, बाया जास्त. बियाणं नेणारे शेतकरीही झाडून हजर. नवऱ्याचा विनोद करणारा पुढंच बसला होता. तातेराव खुर्चीवर बसले. कोट घातला होता, वैशाखात.

"आज एवढी माणसं कशाला आणली?" त्यांनी विचारलं.

"त्या दिवशी हसायला तुमची माणसं व्हती, मालक," नीलाबाई म्हणाली. "आज आमची आणली."

संतरामानं मोहर सगळ्यांना दाखवली. शाबूत होती. ती फोडून त्यानं कुलूप काढलं. वर्षाचं अर्धं काम त्याला ह्याच घरातून मिळायचं. काट्याची दांडी स्थिर व्हायला वेळ लागला तसा शेतकऱ्यांतला एकजण म्हणाला, "संतराम, श्वास घे रे बाबा. काट्यावर वारा नको, पण तू मरूबी नको."

"मोठ्यानं वाचा, काका," मनकर्णा म्हणाली. तिनं वही मांडीवर घेतली. "जसं आहे तसं."

संतरामानं एकदा तातेरावांकडं पाहिलं. तातेराव समोर बघत होते. मग तो काट्याकडं वळला, गुंजा एकेक करून टाकल्या, आणि अंगणाच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात वाचत गेला. मनकर्णा लिहीत गेली.

वाटीतला चुना आठ दिवसांपूर्वी दोन तोळे, आज अकरा मासे. घट एक तोळा एक मासा.

पांढऱ्या दोऱ्याची डबी, दोरा सोडून, चुन्यासह आठ दिवसांपूर्वी अकरा तोळे चार मासे. आज दहा तोळे तीन मासे सात गुंजा. घट एक तोळा एक गुंज.

सत्त्याऐंशी क्रमांकाची डबी, चुन्यासह आठ दिवसांपूर्वी अकरा तोळे चार मासे. आज अकरा तोळे तीन मासे पाच गुंजा. घट तीन गुंजा.